जबडा कुणाचा, हे कोण ठरवतं?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा संक्षेप)



मुलगी बघायला आलेली माणसं परत जाताना सहज बोलून जातात, 'नाकीडोळी बरी आहे, पण जबडा जरा पुरुषी.' आपल्या पारलिंगी मैत्रिणींना तर हे रस्त्यात, रेल्वेच्या डब्यात ऐकावं लागतं. तेव्हा या 'पुरुषी' जबड्याबद्दल शास्त्राला काय माहीत आहे ते पाहू या.

फरक आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. सरासरीनं पुरुषाचा खालचा जबडा मोठा आणि जड असतो, हनुवटी चौकोनी, भुवयांवरचा हाडाचा उंचवटा ठळक. कानाखाली जबडा वळतो तो कोन पुरुषात काटकोनाच्या जवळ जातो, बाईत जरा पसरट राहतो. हे बरंचसं वयात येताना घडतं. म्हणून लहान मुलाची कवटी सापडली, तर ती मुलाची की मुलीची हे नुसतं पाहून तज्ज्ञही खात्रीनं सांगू शकत नाहीत.

पण 'सरासरीनं' हा शब्द सोडू नका. हाडांचे अभ्यासक कवटीवरच्या अशा एकेका खुणेला १ ते ५ अंक देतात. १ म्हणजे ठळकपणे स्त्रीची, ५ म्हणजे ठळकपणे पुरुषाची आणि ३ म्हणजे सांगता येत नाही. ज्यांचं कामच हे, त्यांनी मधलं घर मोकळं ठेवलं आहे. लग्न जुळवणाऱ्यांना मात्र कधी शंका येत नाही!

अर्थात तज्ज्ञांचेही डोळे समाजातूनच आलेले. केनेथ वाइस या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञानं १९७२ साली दाखवलं, की सांगाड्यांच्या नोंदींत पुरुषांकडे सुमारे १२ टक्क्यांचं झुकतं माप होतं. हाड संशयाचं असलं की ते पुरुषाच्या खात्यात जात होतं.

स्वीडनमधल्या बिर्का इथलं थडगं तर नामांकित. १८७८ मध्ये ते उकरलं. आत तलवार, कुऱ्हाड, बाण, दोन घोडे. झालं, हा योद्धा, म्हणजे पुरुष! १९७० च्या दशकात हाडं तपासून ही बाई असावी असं सांगितलं गेलं, ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. कमरेचं हाड बाईचं होतं. जबड्यावर हनुवटीचा उंचवटाही पुढे आलेला नव्हता. म्हणजे इथे जबडा खरंच बोलत होता, पण तलवारीपुढे त्याचं कोण ऐकणार? २०१७ मध्ये डीएनए तपासणीनं ती बाईच ठरली. मग काहींनी विचारलं, शस्त्रं तिचीच कशावरून? पुरुष समजत होते तोवर हा प्रश्न पडला नव्हता.

आता 'निमुळत्या चेहऱ्या'साठी जबड्याच्या स्नायूत इंजेक्शनं देतात. परिणाम काही महिन्यांनी ओसरतो, की पुन्हा पैसे मोजा. काही पारलिंगी मैत्रिणी जबड्याचं हाड घासून घेण्याची शस्त्रक्रिया करतात. तो त्यांचा निर्णय, त्यावर आपण न्यायनिवाडा करू नये. पण ती बाई असण्याची अटही नव्हे. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानंही शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा ठरवलं होतं.

आपल्या शिबिरांच्या दारातही कुणाचा चेहरा पाहून कुजबुज होते. त्यावर आता तुम्ही बोला.