महाविद्यालयाचें पहिलें वर्ष



१९४५ सालीं जळगांवास मूळजी जेठा महाविद्यालय आणि अमळनेरास प्रताप महाविद्यालय सुरू झालें. त्यापूर्वीं खानदेशांतील मुलास पदवी घ्यावयाची झाल्यास बहुधा पुण्यामुंबईचा रस्ता धरावा लागे. तेथील खर्च ज्यास झेपत नसे त्याचें शिक्षण मॅट्रिकपाशींच थांबे. पुढें १९९० सालीं जळगांवास स्वतंत्र विद्यापीठ झालें, आणि आज जळगांव, धुळें व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तालुक्याच्या गांवीं महाविद्यालय आहे. रावेरकडचा किंवा साक्रीकडचा मुलगा सकाळीं एस्. टी.नें कॉलेजांत जातो व संध्याकाळीं घरीं जेवावयास येतो. कॉलेज दाराशीं आलें. परंतु पहिल्या वर्षांत मुलें ज्या अडचणींत सांपडतात, त्या अंतर तुटल्यानें तुटलेल्या नाहींत.

शाळेंत विद्यार्थ्यामागें विचारणारें कोणी तरी सदैव असतें. वही तपासली जाते, गैरहजेरीची चिठ्ठी मागितली जाते, चाचणीचे गुण घरीं कळतात. बारावीच्या वर्षीं तर शिकवणीचे मास्तर, वडील आणि शेजारीपाजारी सुद्धां चौकशी करितात. मुलगा कॉलेजांत गेला कीं हे सारे प्रश्न एका आठवड्यांत बंद पडतात. शंभर मुलांच्या वर्गांत मागच्या बाकावरून कोण उठून गेलें, हें प्राध्यापकास कळणें कठीण. आणि ज्या घरांतून कॉलेजांत जाणारें हें पहिलेंच मूल, त्या घरच्यांस विचारावें तरी काय हें सुचत नाहीं. विचारणारे गेले आणि स्वतःस विचारण्याची सवय अजून लागलेली नाहीं, अशा मधल्या जागेंत पहिलें वर्ष निघून जातें.

या मधल्या जागेचें चित्र खानदेशांतल्याच लेखकानें काढून ठेविलें आहे. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी १९६३ सालीं प्रसिद्ध झाली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खेड्यांतून पुण्यास कॉलेजांत जातो. मुलगा मंदबुद्धि नाहीं, वाईट चालीचाही नाहीं. वसतिगृहाची मेस, संमेलन, मित्रमंडळी यांच्या उठाठेवींत तो गुंततो. पैशाचा मेळ बसेनासा होतो, अभ्यास मागें पडतो, परीक्षा बिघडते, आणि अखेर तो रिकाम्या हातानें गांवीं परततो. कादंबरीचा आवांका याहून पुष्कळ मोठा आहे. पण पालकांनीं तींतून एवढें अवश्य घ्यावें कीं अपयश आठवड्याआठवड्यानें साठत जातें, आणि निकाल लागेपर्यंत कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं.

हल्लींच्या सत्रपद्धतींत तर हा काळ फारच आंखूड झाला आहे. गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी यांच्या गडबडींतच पहिलें सत्र संपतें. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणें अभ्यास श्रेयांकांत, म्हणजे मुलांच्या भाषेंत क्रेडिटमध्यें, मोजतात. एका श्रेयांकास एकंदर ३० तासांचें अध्ययन धरलें आहे. व्याख्यानाच्या विषयांत त्यांपैकीं १५ तास वर्गांतले. उरलेले १५ विद्यार्थ्यानें स्वतः भरावयाचे. वर्गांत एक तास बसलें कीं बाहेर एक तास बसावयाचें, असा त्याचा सरळ अर्थ. पहिला तास वेळापत्रकांत छापलेला असतो. दुसरा कोठेंच छापलेला नसतो, म्हणून तो बुडतो.

हा दुसरा तास कसा घालवावा? बहुतेक मुलें धडा पुन्हां पुन्हां वाचतात आणि ओळींखालीं रेघा मारितात. मजकूर ओळखीचा वाटूं लागतो, आणि ओळखीचा वाटला म्हणजे तो आला असा समज होतो. अमेरिकेंत सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनीं हा समज प्रयोगानें तपासला. तो प्रयोग २००६ सालीं प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांच्या एका गटानें एक उतारा चार खेपा वाचला. दुसऱ्या गटानें तो एक खेप वाचला, आणि पुढच्या तीन खेपा कागद मिटून आठवेल तें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं विचारलें तेव्हां नुसतें वाचणारे पुढें होते. आठवड्यानें विचारलें तेव्हां त्यांस सुमारें ४० टक्के आठवत होतें, आणि लिहून काढणाऱ्यांस सुमारें ६१ टक्के. परीक्षा पांच मिनिटांनीं होत नसते, एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे कोणती रीत धरावी हें निराळें सांगावयास नको.

ही रीत साध्या वहींत बसते. पानाच्या डाव्या बाजूस चार बोटें रुंद समास सोडावा. वर्गांत उजवीकडे टिपण घ्यावें. त्याच संध्याकाळीं त्या टिपणाचें उत्तर होईल असा प्रश्न समासांत लिहावा. मग उजवी बाजू झांकून प्रश्नास उत्तर द्यावें. अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे वॉल्टर पॉक यांनीं १९६२ सालच्या आपल्या पुस्तकानें ही पद्धत प्रसिद्धीस आणिली. 'त्याच संध्याकाळीं' हे शब्द महत्त्वाचे आहेत. वाचलेलें पहिल्या कांहीं तासांतच सर्वांत वेगानें विसरतें, असें जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाउस यानें स्वतःवर प्रयोग करून १८८५ सालींच दाखविलें होतें. दुसरे दिवशीं तेच प्रश्न एस्. टी.च्या प्रवासांत पाहावे, आणि आठवड्यानें पुन्हां एकदां. ठिबकानें केळी पोसावयास शिकलेल्या जिल्ह्यास ही गोष्ट पटावी. परीक्षेच्या आदल्या रात्रीं सोडलेला पाण्याचा लोंढा मुळांशीं ठरत नाहीं.

खानदेशांतील पुष्कळ मुलांस विषयाइतकीच भाषाही अडविते. घरांत अहिराणी किंवा लेवा बोली, शाळेंत पुस्तकी मराठी, आणि विज्ञानाचें वा वाणिज्याचें पुस्तक इंग्रजींत! अशा मुलानें शिकलेली गोष्ट रात्रीं घरच्या बोलींत आईस सांगून पाहावी. घरच्या बोलींत जें सांगतां येत नाहीं, तें समजलेलें नाहीं असें खुशाल धरावें. बोलीची यांत लाज वाटण्याचें कारण नाहीं. खानदेशच्या विद्यापीठास २०१८ पासून आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांचें नांव आहे. त्यांस लिहितांवाचतां येत नव्हतें, आणि शेतांत, जात्यावर घरच्या बोलींत जुळविलेलीं त्यांचीं गाणीं आज विद्यापीठांतून अभ्यासिलीं जातात.

व्यवसायाचा विचारही प्रश्नांनींच करावयाचा आहे. पुष्कळ घरांत व्यवसायाचीं दोनचार नांवेंच ठाऊक असतात: डॉक्टर, इंजिनियर, शिक्षक आणि स्पर्धापरीक्षेनें मिळणारी सरकारी नोकरी. जळगांवांत ठिबकाचे व नळ्यांचे कारखाने, डाळीच्या गिरण्या आणि सोन्याची पेठ आहे. भुसावळास रेल्वे, दोंडाईच्यास मिरचीचा बाजार, शिरपुरास सुताकापडाचे कारखाने आहेत. जळगांवच्या केळ्यास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तें केळें परदेशीं पोंचावयाचें तर शीतगृह सांभाळणारा, माल तपासणारा आणि निर्यातीचे कागद करणारा माणूस लागतो. विज्ञान आणि वाणिज्य शिकणाऱ्या मुलांस ह्या कामांचा पत्ता वर्गांत लागत नाहीं; तो तेथें जाऊन विचारल्यानें लागतो.

म्हणून पहिल्या वर्षांत विद्यार्थ्यानें निदान तीन निरनिराळ्या कामांतल्या माणसांस भेटावें आणि चार गोष्टी विचाराव्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत प्रत्यक्ष काय करावें लागतें? या कामांत शिरतांना कोणतें शिक्षण उपयोगीं पडलें? पोटापुरतें मिळूं लागेपर्यंत किती वर्षें गेलीं? आज पुन्हां अठरा वर्षांचे झालां तर काय निराळें शिकाल? स्पर्धापरीक्षेच्या वाटेस जाणाऱ्यानें आणखी एक प्रश्न स्वतःस विचारावा: किती वर्षें द्यावयाचीं, आणि तीं संपल्यावर दुसरी वाट कोणती? जागा थोड्या आणि उमेदवार फार, हें ठाऊक असून जो या प्रश्नाचें उत्तर आधींच लिहून ठेवीत नाहीं, त्याचें वय अभ्यासिकेंत निघून जातें. नव्या धोरणांत एक वर्ष पुरें करून, ठरविलेलें जादा काम केल्यास, प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोय आहे. दोन वर्षांनीं पदविका, तीन वर्षांनीं पदवी, चार वर्षांनीं ऑनर्स. दार उघडें आहे हें चांगलें. पण बाहेर त्या प्रमाणपत्रावर काम कोण देतो, हें दाराबाहेर पडण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

कॉलेजचें आणि घरचेंही कांहीं कर्तव्य आहे. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरास शिक्षक होते. तेथील छात्रालयांतील मुलांसाठीं ते 'छात्रालय' नांवाचें दैनिक स्वतःच्या हातानें लिहून काढीत. एवढें सर्वांस साधणार नाहीं. पण प्रत्येक प्राध्यापकानें वीसपंचवीस मुलें आपलीं मानून त्यांची खुशाली विचारणें साधण्यासारखें आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१९ सालीं नव्या विद्यार्थ्यांसाठीं 'दीक्षारंभ' हा कार्यक्रम सुचविला, तो योग्यच आहे. मात्र स्वागत झाल्यानंतर सहाव्या आठवड्यांत, जेव्हां मुलगा मागें पडूं लागतो आणि सांगावयास लाजतो, तेव्हां त्यास कोणी तरी हांक मारणें अधिक जरुरीचें आहे.

आणि आईवडिलांनीं? त्यांस रसायन वा अर्थशास्त्र येत नसेल. त्यावांचून अडत नाहीं. रोज जेवतांना 'किती गुण पडले?' असें न विचारतां 'आज काय नवें कळलें, तें सांग पाहूं' एवढें विचारावें, आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकावें. हा प्रश्न ज्या घरांत वर्षभर टिकेल, त्या घरचें मूल दुसऱ्या वर्षापासून तो स्वतःच स्वतःस विचारूं लागेल.