यंत्राची नजर आणि माणसाची सही



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. मी आठवीतून शाळा सोडलेला, पॉवर प्रेसवर काम शिकलेला आणि पुढे युनियनच्या कामात पडलेला माणूस. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, शब्दकोश उशाशी ठेवून. अशा माणसाने ‘सैन्य आणि कृत्रिम बुद्धिमत्ता’ या विषयावर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण कारखान्यात नवे यंत्र आले की कामगार दोन प्रश्न विचारतो: हे कोणाचे काम करणार, आणि चुकले तर कोणाला धरणार? तेच दोन प्रश्न घेऊन मी आपल्यापुढे उभा आहे.

ही बुद्धिमत्ता म्हणजे बंदूक घेतलेला लोखंडी शिपाई, अशी कल्पना असेल तर ती आधी सोडून द्यावी. सैन्याचे पुष्कळसे काम लढण्याचे नसून हिशेबाचे आणि पाहण्याचे असते. १९९१ च्या आखाती युद्धाच्या वेळी अमेरिकी सैन्याने ‘डार्ट’ नावाची संगणक-प्रणाली वापरली. कोणती तुकडी, कोणती रसद, कोणत्या विमानाने वा जहाजाने केव्हा हलवायची, याची आखणी ती करी. या कामाला कोण नावे ठेवील? शिपायाला वेळेवर भाकरी मिळाली तर ते चांगलेच.

पाहण्याचे काम मात्र निराळे. ड्रोन विमाने आकाशातून तासन् तास चित्रण करतात आणि ते सगळे पाहायला माणसांचे डोळे पुरत नाहीत. म्हणून एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ‘प्रोजेक्ट मेव्हन’ सुरू केला. ही गाडी, ही इमारत, हा माणूस, अशी खूण केलेली असंख्य चित्रे यंत्राला दाखवायची आणि त्यावरून नवे चित्र ओळखायला शिकवायचे, ही त्याची रीत. म्हणजे यंत्राच्या त्या नजरेमागेही शेवटी माणसाचीच मेहनत असते.

या कामात गूगल कंपनी होती. तिच्याच तीन हजारांहून अधिक नोकरांनी २०१८ साली पत्रावर सह्या करून कळवले की, युद्धाच्या धंद्यात आपण पडू नये. काहींनी राजीनामे दिले. त्या जूनमध्ये, करार संपल्यावर तो पुढे चालवणार नाही, असे कंपनीने जाहीर केले; शस्त्रांसाठी ही विद्या वापरणार नाही, असे वचनही दिले. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण काम थांबले नाही, ते दुसऱ्या कंपन्यांकडे गेले. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलनेही ते वचन आपल्या नियमांतून काढून टाकले. मालकाने आपण होऊन दिलेले वचन आणि कायद्याने बांधलेला करार यांतला फरक युनियनवाल्याला नव्याने शिकावा लागत नाही.

आता दुसरा प्रश्न. २३ मार्च २००३ रोजी इराक युद्धात अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्राने मित्रराष्ट्राचेच, ब्रिटनचे टोर्नेडो विमान पाडले. आतले दोघेही मेले. यंत्रणेने परतणाऱ्या विमानाला शत्रूचे क्षेपणास्त्र ठरवले होते आणि समोरच्या माणसांपाशी विचाराला जेमतेम मिनिटभर वेळ होता. यंत्रावर विश्वास ठेवण्याचेच शिक्षण त्यांना मिळाले होते, असे पुढे अमेरिकेच्याच तज्ज्ञ मंडळाने नोंदवले.

याच्या उलट २६ सप्टेंबर १९८३ ची रात्र पाहा. अमेरिकेकडून पाच अण्वस्त्रे सुटली आहेत, असे सोव्हिएत यंत्रणेने सांगितले. पहाऱ्यावरचा अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव याला त्या नव्या यंत्रणेच्या खोडी ठाऊक होत्या. खरा हल्ला पाच क्षेपणास्त्रांनी कोण सुरू करील, असा साधा विचार त्याने केला आणि इशारा खोटा असल्याचे वर कळवले. ढगांवर चमकलेल्या उन्हाने उपग्रहाला फसवले होते. पेत्रोवपाशी यंत्राची माहिती होती, थोडा का होईना वेळ होता आणि ‘नाही’ म्हणण्याची छाती होती.

माझ्या तरुणपणी आमच्या प्रेसखात्यात एका सोबत्याची दोन बोटे गेली. हात आत गेला की यंत्र थांबवणारा सेन्सर तेथे होता. पण त्याने उत्पादन अडते म्हणून तो वरच्या हुकमाने बंद ठेवलेला होता, आणि तासाचे नग वाढवलेले होते. चौकशीचा निकाल लागला: ‘ऑपरेटरचे लक्ष नव्हते.’ त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझीही सही आहे, आणि ती मला अजून बोचते. वेग ठरवणारा कागदावर कुठेच नव्हता. नाव होते फक्त बोटे गेलेल्याचे.

‘अंतिम निर्णय माणसाचाच’ हे वाक्य ऐकले की मला तो कागद आठवतो. अमेरिकेच्या २०१२ च्या आणि २०२३ साली सुधारलेल्या आदेशात, बळाच्या वापरात ‘योग्य प्रमाणात’ मानवी निर्णय असावा असे म्हटले आहे. योग्य म्हणजे किती? वेतनकरारात असा शब्द आला की आम्ही पेन खाली ठेवतो!

हे दूरचे प्रकरण नाही. आपल्या संरक्षण खात्याने २०१९ साली या कामासाठी स्वतंत्र परिषद नेमली आणि जुलै २०२२ मध्ये अशी ७५ साधने जाहीर केली. शेजारी राष्ट्रे हे करीत असता आपण हात बांधून बसावे, असे मी म्हणणार नाही. अंगावर येणारे क्षेपणास्त्र अडवायला सेकंद उरतात; तेथे यंत्र हवेच. पण कोणत्या घरावर बॉम्ब टाकावा, याची यादी यंत्र करू लागले, तर माझ्या तीन मागण्या आहेत. यादी तपासणाऱ्याला तपासण्यापुरता वेळ द्या. ‘नाही’ म्हटल्याबद्दल त्याला शिक्षा नको. आणि वेग कोणी ठरवला, त्याचेही नाव कागदावर असू द्या.

हे मागायला पंडित असावे लागत नाही. सैन्य आपल्या नावाने लढते, तेव्हा त्या कागदावर शेवटी आपलीही सही असते. ती न वाचता करू नये, एवढेच मी माझ्या सहीवरून शिकलो.