बिनपडद्यांची बेस आणि तंबोऱ्याचा गंधार



धार-देवासच्या तरुण मुलांच्या हाती हल्ली गिटार दिसते, आणि बँड जमला की कुणाकडे तरी चार जाड तारांची बेस गिटारही येते. त्यातल्याच एखाद्याला पुढे बिनपडद्यांची, म्हणजे फ्रेटलेस बेस घ्यावीशी वाटते. मग घरची मंडळी विचारतात, 'अरे, पडदेच नाहीत तर स्वर सापडणार कसा?' प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देवासच्या गाण्यात आहे, असं मला मनापासून वाटतं.

१९४८ साली गायक कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात देवासला आले आणि १९९२ मध्ये जाईपर्यंत इथलेच होऊन राहिले. तंबोरा जुळवण्याबद्दलचा त्यांचा कटाक्ष सगळ्यांना ठाऊक आहे. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, जवारीवरचा दोरा केसभर हलवायचा आणि कान देऊन थांबायचं. तंबोरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून एक गंधार उमटतो. त्याची तार कुणी छेडलेली नसते, तरी तो स्वच्छ ऐकू येतो. त्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो.

पडद्यांच्या गिटारवर हा गंधार नेमका मिळत नाही. तिथे सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात आणि त्यात गंधार किंचित चढा पडतो. किती चढा, हे बेसवर डोळ्यांनी पाहता येतं. नेहमीच्या बेसची तार खुंट्यांजवळच्या नटपासून घोडीपर्यंत ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटीमीटर असते. मोकळी तार षड्ज धरली, तर तंबोऱ्याशी जुळणारा गंधार पडद्याच्या जागेपासून खुंट्यांच्या बाजूला पाच-साडेपाच मिलिमीटर सरकलेला असतो. पडदा तो तुम्हाला देऊ शकत नाही. बोट देऊ शकतं.

आपल्याकडच्या बीनवर, म्हणजे रुद्रवीणेवरही पडदे असतात, पण बीनकार त्यांच्यावर विसंबत नाही. तार ओढून तो मींडेनं पुढचे स्वर गाठतो. देवासचे उस्ताद रजबअली खाँ हे थोर गवई, पण बीनही जाणणारे. बीनकार बंदे अली खाँसाहेबांकडून त्यांनी ती विद्या घेतली होती. पडदा असला तरी स्वर कानानेच ठरतो, ही शिस्त त्या परंपरेत मुळातच आहे.

बेसचा प्रवास मात्र उलटा झाला. १९५१ मध्ये फेंडर कंपनीने पडद्यांची बेस गिटार आणली आणि तिचं नावच 'प्रिसिजन' ठेवलं, कारण पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो. पुढे १९६६ मध्ये अँपेग कंपनीने पडदे नसलेली बेस बाजारात आणली. १९७६ मध्ये बेसवादक जाको पास्टोरियसची पहिली तबकडी आली आणि बिनपडद्यांच्या बेसचा गाता आवाज जगाने ऐकला. त्याच्या बेसवर बोटं फिरतात त्या पट्टीवर बोटींना लावतात तो इपॉक्सीचा थर होता. गोल वेटोळ्यांच्या तारा लाकूड खातात, म्हणून.

अशी बेस घेताना हे लक्षात ठेवा. पट्टीच्या लाकडांत शीशम मऊ, आबनूस कणखर. पट्टी शीशमची असेल तर सपाट वेटोळ्यांच्या तारा लावा. घोडीकडून डोळा लावून दांडी पाहा. किंचित बाक चालतो, पीळ चालत नाही. मग प्रत्येक तारेवर बोट हळूहळू वर नेत जा. एकाच जागी खरखर आली तर तिथे पट्टी समतल नाही. पट्टीवर पडद्यांच्या जागी रेघा आखलेली बेस पहिल्यांदा घ्यायला काहीच हरकत नाही. खरेदीला इंदूर गाठावं लागेल. जाल तर सुरेल कानाचं माणूस बरोबर न्या. आणि अँप्लिफायर किंवा चांगला हेडफोन हवाच, कारण सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनांची असते आणि मोबाइलच्या स्पीकरमधून ती जवळपास ऐकूच येत नाही.

आता रियाज. पडद्यांच्या गिटारवर बोट पडद्याच्या मागे ठेवतात. इथे ते थेट रेघेवर यायला हवं. नटपाशी अर्ध्या स्वराचं अंतर जवळजवळ पाच सेंटीमीटर असतं. सप्तक वर गेलं की ते निम्मं होतं. त्यामुळे हाताचा पसाराही बदलत जातो. एखाद्या मोकळ्या तारेच्या स्वरात तंबोरा लावून ठेवा. भूपाचे पाचच स्वर घ्या, प्रत्येक स्वर दमाने धरा. गंधारापाशी थांबून बोट रेघेपासून खुंट्यांकडे अगदी हळू सरकवा. दोन आवाजांमधली थरथर मंदावत जाईल आणि एका जागी विरून जाईल. तीच जागा. पण बँडमध्ये शेजारी कीबोर्ड असेल, तर बोट पुन्हा रेघेवर आणा, कारण कीबोर्डाचा गंधार तिथेच आहे आणि तो हलणार नाही.