वाचा गेली, समज नाही गेली

घरात कुणाला लकवा मारला की सगळे हातापायाकडे बघतात. मालीश, व्यायाम, गोळ्या सुरू होतात. पण माणूस बोलेनासा झाला, किंवा पाणी मागताना भलताच शब्द बोलू लागला, की लोक म्हणतात, "डोक्यावर परिणाम झाला." आज त्याविषयीच बोलायचंय.

याला वाचाघात म्हणतात. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचं काम डावी बाजू बघते. तिथला रक्तपुरवठा तुटला की शब्द अडतात. बऱ्याचदा उजवा हात-पायही लुळा पडतो. कुणाला बोलता येत नाही, कुणाला दुसऱ्याचं बोलणं उमगत नाही. लिहिणं-वाचणंही अडतं. पण घरची माणसं ओळखू येतात, आणि अपमानही कळतो.

आमच्या एका गटात अशी सदस्य आहे. घरचे म्हणाले, "त्यांचं नाव कमी करा, त्यांना काय कळतंय?" बायकांनी नाव ठेवलं. बैठकीत तिचं पासबुक तिच्यासमोर धरलं. एका हप्त्याची नोंद राहिली होती, तिनेच त्या ओळीवर बोट ठेवलं.

मग बोलायचं कसं? टीव्ही बंद करा, समोर बसा. एका वेळी एकीनेच बोला, वाक्य लहान ठेवा. ओरडू नका, कान शाबूत आहेत. "काय खाणार?" असं विचारण्याऐवजी भाकरी दाखवून "भाकरी देऊ?" म्हणा. हो-नाहीची गल्लत होते, म्हणून हाताची खूण ठरवून घ्या. आणि थांबा. तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. काहींना साधा शब्द फुटत नाही, पण पाठ असलेली आरती किंवा ओवी म्हणता येते. म्हणून "मुद्दाम बोलत नाही" असं समजू नका.

वाचा-उपचार तज्ज्ञ कुठे भेटतील, ते सरकारी दवाखान्यात विचारा. सुधारणा हळूहळू, कित्येक महिने होत राहते. कायमचा वाचाघात 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात बसतो, म्हणून प्रमाणपत्रासाठीही चौकशी करा.

आणि एक लक्षात ठेवा. अचानक तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोबडं बोलणं आलं, तर देवऋषी नको, मालीश नको. लगेच 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

तुमच्या गटात अशी कुणी घरी बसून असेल, तर पुढच्या बैठकीला तिला आणायला कोण जाणार, ते आजच ठरवा.