कात्री कोणाच्या हाती?



आदिवासींचे पारंपरिक ज्ञान लोप पावत आहे, त्याचे तातडीने चित्रीकरण व्हावे, असा ठराव आज आपल्यापुढे आहे. या सभेचा अध्यक्ष असूनही मी त्याला विरोध करणार आहे. चित्रीकरण जरूर व्हावे. पण ते कोणी करावे, कात्री कोणी चालवावी आणि काय दाखवू नये हे कोणी ठरवावे, याबद्दल ठराव अवाक्षर काढत नाही. ज्या गावाचे ज्ञान, त्या गावच्या संशोधकाने गावाला सोबत घेऊन हे ठरवायचे नसेल, तर अशा जतनाला मी उचलेगिरी म्हणतो.

१९६६ साली सॉल वर्थ आणि जॉन अडेर या अमेरिकी अभ्यासकांनी ॲरिझोनात काही नवाहो माणसांच्या हाती कॅमेरे दिले. त्यातून झालेल्या विणकामावरच्या चित्रपटात प्रत्यक्ष विणणे दिसायला बराच वेळ लागतो. त्याआधी मेंढ्या, लोकर, मुळ्या खणणे, रंगाची झाडे शोधणे आणि चालणे, पुष्कळ चालणे. बाहेरच्या संकलकाने हे सगळे कंटाळवाणे म्हणून उडवले असते आणि सफाईदार बोटे दाखवून तो मोकळा झाला असता. पण कोणती मुळी कुठे मिळते हे त्या चालण्यातच कळते. आपल्याकडे वारली चित्रांचे बहुतेक व्हिडिओ तांदळाच्या पिठावर आणि बांबूच्या काडीवर रेंगाळतात. लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणी आणि लग्न लावणारी धवलेरी आल्या तर क्षणभर येतात.

'गावकऱ्यांचा हात थरथरतो, चौकट चुकते,' असे म्हणणाऱ्यांनी तेलंगणात झहीराबादला जाऊन यावे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी, ज्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती, वरंगळच्या बीटी कापसाच्या शेतकऱ्यांची कैफियत चित्रित केली. वरून खाली रोखलेला कॅमेरा त्यांच्या लेखी पाटलाचा. नजरेला नजर भिडते तो संघमचा, म्हणजे त्यांच्या बायकांच्या गटाचा. एवढी जाण चित्रपटशाळेतून पदवी घेऊन आलेल्या किती जणांना असते?

जड आक्षेप वेगळाच आहे: झाकून ठेवाल तर म्हाताऱ्यांबरोबर सगळे जाईल. जाईल, नाकारत नाही. पण उघडे केल्यावर काय होते तेही पाहा. १९८७ साली केरळात अगस्त्य डोंगरांत शास्त्रज्ञांबरोबर फिरणारे काणी आदिवासी वाटाडे एक फळ खात होते आणि थकत नव्हते. आढेवेढे घेत त्यांनी ती वनस्पती दाखवली. त्या आरोग्यपच्चापासून 'जीवनी' हे औषध निघाले, कंपनीला परवाना गेला आणि मिळकतीतला निम्मा वाटा काणींच्या न्यासाला द्यायचे ठरले. न्याय्य वाटणीचा नमुना म्हणून हे आजही मिरवले जाते. मात्र काणींच्या वैद्यांपैकी, म्हणजे प्लातींपैकी काहींनी या विक्रीला लेखी विरोध केला होता. वाटा देता आला; सांगायचे की नाही, ही निवड परत देता आली नाही. व्हिडिओ तर एका बोटासरशी जगभर जातो.

प्लातींचा विरोध माझ्यावरही उलटतो, हे मला दिसते आहे. गाव म्हणजे एक तोंड नव्हे. तिथेही पुढारी बोलतात आणि बायका मागे बसतात. म्हणूनच चित्रण आधी गावातच दाखवायचे. कॅनडातल्या फोगो बेटावर १९६७ साली कॉलिन लो यांनी बेटकऱ्यांना त्यांचे चित्रण आधी दाखवले आणि नको तो भाग काढायला लावण्याचा हक्कही दिला. एवढे सौजन्य साठ वर्षांनंतर आपल्या विद्यापीठांना परवडू नये?

कायद्याचे तर ऐकाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. वनौषधी सांगणारी आजी दिवसभर बोलली, तरी कर्ती ठरत नाही. उलट २००६ च्या वनहक्क कायद्याचे कलम ३(१)(ट), म्हणजे इंग्रजी प्रतीतले 'के', जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा हक्क मानते. तेव्हा दुरुस्ती मांडतो: निर्माता म्हणून ग्रामसभेचे नाव लागावे, मूळ चित्रण गावात राहावे, बायकांनी वेगळे बसून पाहिल्याशिवाय काहीही बाहेर जाऊ नये, आणि ग्रामसभेने 'नाही' म्हटले तर कारण विचारू नये. अनुमोदक हवा आहे. आज ज्यांनी सकाळपासून आपल्या आदिवासींवर निबंध वाचले, त्यांच्यापैकी कोणी उभे राहिले तर अधिक बरे.