गोळ्या सुरू आहेत, तरी गाठ वाढतेय?

टीबी म्हटलं की आपल्याला खोकला आठवतो. पण टीबी मानेतल्या गाठींना होतो, फुफ्फुसाच्या आवरणात पाणी करतो, मेंदूच्या आवरणापर्यंतही पोचतो. आज त्याबद्दल बोलू या.

गाठीच्या टीबीचे पेशंट मला हमखास एक प्रश्न विचारतात: ''डॉक्टर, दोन महिने गोळ्या नियमित घेतोय, गाठ तर आणखी मोठी झाली. औषध लागू पडत नाहीये का?''

याचं उत्तर समजायला आधी गाठ म्हणजे काय ते बघू. टीबीचा जंतू शरीरात शिरला की भक्षक पेशी त्याला गिळतात, पण मारू शकतातच असं नाही. मग टी पेशी मदतीला येतात, इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडून भक्षक पेशींना चेव आणतात. सगळ्या मिळून जंतूंना वेढा घालतात. म्हणजे गाठीत जंतू असतात थोडे, आपलंच सैन्य जास्त! छातीतल्या पाण्याचंही तेच. त्यात जंतू इतके कमी असतात की तपासणीत बऱ्याचदा सापडतच नाहीत.

औषधांनी जंतू मरतात तेव्हा त्यांचे अवशेष बाहेर पडतात. ते बघून हे सैन्य पुन्हा खवळतं आणि गाठ सुजते. काहींना नवी गाठही येते. याला पॅरॅडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन म्हणतात.

मानेवर ही सूज निभावते. कवटीत मात्र सुजेला जागाच नसते. म्हणून मेंदूच्या टीबीत औषधांच्या जोडीला स्टेरॉइड देतात, ही प्रतिक्रिया आवरायला. व्हिएतनाममध्ये 545 रुग्णांवर झालेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. स्टेरॉइड न मिळालेल्यांत शंभरातले सुमारे 41 दगावले, मिळालेल्यांत 32. जे वाचले त्यांचं अपंगत्व मात्र त्यानं फारसं टळलं नाही. म्हणून निदान लवकर व्हायला हवं.

आता मुद्द्याचं. गाठ वाढली म्हणून गोळ्या बंद करू नका. अर्धवट सोडलेल्या औषधांनी जंतू दाद देईनासे होतात. स्वतःच्या मनानं स्टेरॉइडही घेऊ नका. आणि ''असं होतंच'' म्हणून घरीही बसू नका. गाठ वाढण्यामागे औषधाला न जुमानणारा टीबी किंवा वेगळाच आजार असू शकतो. ते तपासूनच ठरतं. तेव्हा गाठ दाखवायला या, पण येईपर्यंत उद्याची गोळी चुकवू नका.

भेटू पुढच्या भागात.