एक यंत्र, अनेक बिऱ्हाडें

एखाद्या मध्यम पेढीच्या कचेरींत आज चार-पांच संगणक केवळ सेवेसाठीं मांडलेले आढळतात. त्यांना सर्व्हर म्हणतात. एकावर हिशेब, दुसऱ्यावर टपाल, तिसऱ्यावर मालाची नोंद. एक बिघडला तर दुसऱ्यास बाधा पोंचूं नये, हा ह्या विभागणीचा हेतु. आणि तो रास्तच आहे. परंतु अशीं यंत्रें पुष्कळदां बराच वेळ रिकामीं असतात. वीज मात्र रात्रंदिवस लागते. अलगपणा हवा, पण यंत्रें इतकीं नकोत, ह्या पेचावरील तोडगा म्हणजे आभासीकरण.

मोठ्या वाड्याचें उदाहरण घ्या. वाडा एकच, पण प्रत्येक बिऱ्हाडाचें दार निराळें आणि कुलूपही निराळें. तसेंच एका समर्थ यंत्रावर अनेक आभासी यंत्रें नांदतात. वाड्याच्या कारभाऱ्याचें काम हायपरव्हायजर नांवाची आज्ञावली करिते. प्रोसेसरचा वेळ, स्मृति आणि सांठवणीची जागा ती वांटून देते. प्रत्येक भाडेकरूस मात्र सारें यंत्र आपलेंच वाटतें. एका बिऱ्हाडांत घोटाळा झाला तरी शेजाऱ्याचा संसार चालू राहतो. शिवाय आभासी यंत्र म्हणजे अखेर कांहीं फाइली. म्हणून तें उचलून दुसऱ्या यंत्रावर नेतां येतें.

ही कल्पना नवी नव्हे. १९६० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील केंब्रिज येथें आयबीएमच्या केंद्रांत ती आकारास आली. संगणक तेव्हां इतके महाग होते कीं एकच यंत्र अनेकांस पुरविणें भाग होतें. १९७२ सालीं कंपनीनें व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. पुढें यंत्रें स्वस्त झालीं आणि प्रत्येक कामास वेगळें यंत्र घेण्याची रीत पडली. १९९९ मध्यें व्हीएमवेअर कंपनीनें ही सोय साध्या संगणकांवर आणली. २००६ पासून अॅमेझॉन आभासी यंत्रें तासाच्या हिशेबानें भाड्यानें देऊं लागली. आजच्या क्लाउडचा पाया बहुतांशीं हाच आहे.

आतां दुसरी बाजू. वाडाच कोसळला तर सारींच बिऱ्हाडें एकदम उघड्यावर येतात. म्हणून मूळ यंत्रें निदान दोन हवींत. आणि एक बंद पडल्यास दुसऱ्यानें सर्व भार उचलावा अशी अपेक्षा असेल, तर कोणतेंही निम्म्याहून अधिक भरूं नये. येथें काटकसर केली कीं वांचविलेला पैसा एकाच दिवसांत जातो. दुसरें असें कीं, आभासी यंत्राची क्षणस्थिति टिपून ठेवण्याची सोय असते, तिलाच कित्येक जण सुरक्षित प्रत समजतात. ती बहुधा त्याच सांठवणींत असते. सांठवण गेली कीं तीही जाते. खरी प्रत दुसऱ्या जागीं ठेवावी आणि ती पुन्हां उभी राहते कीं नाहीं, हें मधूनमधून पाहावें.

वाड्याचा मालक बदलला तर भाड्याच्या अटीही बदलतात, हेंही विसरूं नये. नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रॉडकॉमनें व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यांत कायमच्या परवान्यांची विक्री बंद करून मुदतीची वर्गणी सुरू केली. कित्येक पेढ्यांना खर्चाचा हिशेब नव्यानें मांडावा लागला. केव्हीएमसारख्या मुक्त प्रणालीही उपलब्ध आहेत. मात्र त्यांना जाणता माणूस लागतो.

सारांश, आभासीकरणानें यंत्रें कमी होतात, जबाबदारी कमी होत नाहीं. ती एका जागीं गोळा होते. जी पेढी प्रथम आपलीं रिकामीं यंत्रें मोजील, मग दुसऱ्या मूळ यंत्राची आणि दूरच्या प्रतीची तरतूद करील, तिनेंच ह्या मार्गानें जावें. तिचा लाभ होईल.